पेडणे महाल रिंग मंडळ

डिचोली, ११ जुलै १९८८

प्रिय रुकू,

बेळगावच्या कॉन्व्हेंटमधल्या रविवारच्या दुपारी तुला आठवतात का? जेवणं झाली की सिस्टर बेनेडिक्टा आपल्याला त्या लांब मेजाशी बसवायची आणि घरी पत्रं लिहायला लावायची, तीही इंग्रजीत, कारण पाकीट बंद करण्याआधी तिला ती वाचायची असत. मी नार्व्याला आईला लिहायचे, मी खुशाल आहे. तू पेडण्याकडे, पार्स्याला तुझ्या आईला लिहायचीस, इथली हवा चांगली आहे. दोघींच्या आयांना इंग्रजीचं एक अक्षर येत नव्हतं. माझी आई पत्र देवापाशी ठेवायची आणि सुट्टीत मी घरी गेले की माझ्याकडूनच ते वाचून घ्यायची. तू एकदा भूगोलाच्या पुस्तकातला पावसावरचा उतारा जसाच्या तसा उतरवलास, तर सिस्टरने रुक्मिणीची भाषा किती सुधारली म्हणून तो वर्गात वाचून दाखवला. मी हसू दाबलं नाही म्हणून मला अर्धा तास उभं केलं. तुला काही नाही.

अकरा महिने आपण बोललो नाही. मी पत्र लिहिते आहे ते कामासाठी, असं समजून वाचलंस तरी चालेल.

काम असं. रिंग-टेनिस महासंघाचं पत्र आलं आहे. आपलं राज्य झालं, त्याला वर्ष उलटलं, आणि त्यांच्या नियमाप्रमाणे राज्य संघटनेखाली किमान तीन जिल्ह्यांची मंडळं लागतात. आपण केंद्रशासित होतो तेव्हा गोवा, दमण आणि दीव असे तीन जिल्हे होते, कागदावर सगळं ठीक होतं. दीवचं मंडळ म्हणजे एक हेडमास्तर आणि त्याच्या दोन मुली, पण महासंघाला ते चालत होतं. आता आपण राज्य झालो, मोठे झालो, आणि आपल्याकडे जिल्हे उरले दोन. मी पणजीला चार वेळा जाऊन आले. क्रीडा खात्यातला माणूस म्हणाला, “बाई, तिसरो जिल्हो सरकार करता तेन्ना सांगतलों.” मी त्याला विचारलं, म्हणजे कधी? तो म्हणाला, “तें सरकाराक विचारात.”

गेल्या वर्षी सात पत्रं लिहिल्यावर महासंघाने एवढी सवलत दिली की लहान राज्यांनी जिल्ह्यांऐवजी तीन तालुक्यांची मंडळं दाखवावीत. माझ्याकडे डिचोली आहे. सत्तरीचं मंडळ गोकुळदास मास्तर सांभाळतात. म्हापशाचं तिसरं म्हणून तेव्हा दाखवलं होतं, पण त्यांच्या मैदानावर आता कोल्हापूरकडचे गवंडी इमारत बांधताहेत आणि मंडळ मोडलं. तिसरं मंडळ फक्त तुझं आहे. सोबत पुन्हा नोंदणीचा फॉर्म पाठवते. त्यावर तुझी सही आणि मंडळाचा शिक्का हवा. शेवटची तारीख तीस नोव्हेंबर. तो गेला नाही तर जानेवारीत गोव्याचा संघ ज्युनिअर राष्ट्रीय स्पर्धेला जाणार नाही.

तुझ्या मंडळातल्या शेवंतीचं हे ज्युनिअरचं शेवटचं वर्ष आहे, हे मी तुला सांगायला नको.

सुमंगला

*

डिचोली, ५ ऑगस्ट १९८८

प्रिय रुकू,

तुझं उत्तर नाही. पोस्टमन रोज जनेलावरून पुढे जातो आणि मी त्या खिडकीत उगाच वर्तमानपत्र उघडून बसते.

परवा कपाट आवरताना महासंघाची पहिली नियमावली सापडली. सायक्लोस्टाइल केलेली, आठ पानांची. एकोणीसशे सदुसष्ट साल. नागपूरच्या एका शाळेच्या ग्रंथालयात आपण सगळी मिळून नऊ माणसं, त्यात बायका आपण दोघीच. कोणाच्या राज्यात रिंग दोन्ही हातांनी झेलायचे, कोणाच्या एका. कोणी सायकलच्या ट्यूबची रिंग आणली होती. रिंगचं वजन किती असावं यावर सकाळ गेली, तेव्हा तू उठून समोरच्या वाण्याच्या दुकानात गेलीस आणि तराजूच घेऊन आलीस. वाणीही मागोमाग आला. महासंघाचा वजनाचा नियम त्या वाण्याच्या तराजूवर ठरला, आणि त्या माणसाने चहा मागितला तेव्हा अध्यक्षांनी स्वतः उठून दिला. आता त्यांच्या पत्रावर तीन टेलिफोन नंबर छापलेले असतात आणि एकावरही कोणी बोलत नाही. आपण वाढवलेलं पोर आपल्यालाच विचारतं, तुम्ही कोण, तसं झालं आहे.

तू रागावली आहेस ते मला ठाऊक आहे. गेल्या ऑगस्टमधल्या त्या सभेचं मी मनात किती वेळा इतिवृत्त लिहिलं असेल. घटक राज्य झालं म्हणून संघटनेचं नाव बदलायचं होतं, एवढीच ती सभा. तू म्हणालीस, नाव बदलतोच आहोत तर इतिवृत्ताची वहीही कोकणीत लिहूया. मी म्हटलं, अठरा वर्षं मराठीत लिहिली आहे. तू सगळ्यांसमोर विचारलंस,

“तू घरात खंयच्या भाशेत उलयता गो?”

मी म्हटलं, “घरात बोलते ती वेगळी. वहीत लिहायची वेगळी.”

“मगे तुझां घर खोटां काय वही खोटी?”

सगळे हसले. मी हसले नाही. आणि मग मी म्हटलं, “पेडण्याहून येऊन तू मला कोकणी शिकवणार? तुमची बोली ऐकली तर मालवणचे लोक तुम्हाला आपले म्हणतील.” त्यावर मात्र कोणी हसलं नाही. तू पिशवी उचललीस आणि गेलीस. राजभाषेच्या वादाच्या त्या दिवसांत घराघरात असंच चाललं होतं, नवरा-बायकोसुद्धा एकमेकांशी जपून बोलत. म्हणून मी म्हटलं ते बरोबर होतं असं नाही.

राहिला तुझ्या मंडळाचा प्रश्न. ‘पेडणे महाल रिंग मंडळ’ हे नाव वाचून महासंघाने तुला राजवाडा समजावं, यासारखा विनोद मी ऐकला नाही. आपल्या जुन्या दस्तऐवजात तालुक्याला महाल म्हणत, हे त्यांना कोण सांगणार? पेडण्यात राजवाडा आहे खरा, पण तुझा त्याच्याशी संबंध किती, तर बाजाराला जाताना त्याच्यासमोरून जायचं. आणि गेल्या वर्षी त्यांनी ठरवून टाकलं, ही खाजगी मालकीची संस्था, नोंदणी रद्द, खेळाडू अपात्र. महासंघ आता असाच झाला आहे. विचारत नाही, ठरवतो.

फॉर्म पाठव ग.

सुमंगला

*

डिचोली, २२ सप्टेंबर १९८८

प्रिय रुकू,

चतुर्थी झाली. तुझ्याकडे गणपतीवरची फळांची माटोळी यंदा कोणी बांधली? तुझा गुडघा दुखतो असं कळलं.

कळलं ते शेवंतीकडून. परवा ती आली होती. म्हापशाला बस बदलून, एकटी, हातात काजूगरांची पुडी. मी तिला तीन वर्षांपूर्वी पाहिलं होतं तेव्हा ती जाळीपेक्षा हातभर बुटकी होती. आता दारातून आत येताना मान वाकवते. डावखुरी आहे हे मी विसरले होते. कप डाव्या हाताने घेतला आणि लगेच उजव्या हातात बदलला, मला वाईट वाटेल म्हणून.

मी विचारलं, “बाईंनी पाठवलं?”

“नाय. मीच इलंय. त्यांका सांगून.”

“काय म्हणाल्या?”

ती जमिनीकडे बघत राहिली. मी म्हटलं, सांग, मला सवय आहे. तेव्हा एका श्वासात म्हणाली, “बाईंनी सांगलां, महालातली राणी फॉर्म भरता काय ता सुमंगलाबाईंका विचार.”

मी हसले. ती हसली नाही. तिला तो निरोप विनोदी वाटला नव्हता.

मग ती बोलत बसली. व्यायामशिक्षणाच्या कॉलेजात खेळाडूंसाठी जागा असतात, पण राष्ट्रीय स्पर्धेचं प्रमाणपत्र लागतं. गेल्या जानेवारीत संघ गेला तेव्हा ती पार्स्याच्या बसस्टॉपवर उभी होती, मैत्रिणीला सोडायला. त्या मैत्रिणीला ती दर रविवारी हरवते, आणि ती मैत्रीण आठवडाभर आजोळी म्हापशाला राहते म्हणून संघात होती. “यंदा नाय झालां तर आये म्हणता आता पुरे. काजूच्या कारखान्यात जागा असा.” हे सांगताना रडली नाही. रडली असती तर मला सोपं गेलं असतं.

निघताना पाया पडली. मी म्हटलं, अगं, मी काय केलंय तुझ्यासाठी? तर म्हणाली, “तुमी किती पत्रां लिवलात महासंघाक. चूक त्यांची, तुमचो काय दोष?”

मी तिला बस मिळेपर्यंत सोडायला गेले.

रुकू, मला एवढंच कर. माझ्यावरचा राग त्या मुलीच्या पानात वाढू नकोस.

सुमंगला

*

डिचोली, ९ ऑक्टोबर १९८८

रुक्मिणी,

मागच्या पत्राचं शेवटचं वाक्य खोडून टाक. ते लिहायचा मला अधिकार नव्हता.

महासंघाने न विचारता ठरवलं, असं मी तुला लिहिलं. ते खोटं आहे. त्यांनी विचारलं होतं. गेल्या वर्षी सप्टेंबरमध्ये, आपल्या भांडणाला महिना व्हायचा होता तेव्हा, राज्य संघटनेची सचिव म्हणून मला पत्र आलं. मंडळांची यादी तपासत आहोत. पेडणे महाल हा खाजगी राजवाडा आहे असा आमचा समज आहे. तसं असल्यास मंडळाचं सदस्यत्व सर्वांना खुलं नसणार. कृपया खुलासा करावा. सभ्य पत्र होतं. एका ओळीत खुलासा झाला असता. महाल म्हणजे तालुका. तीन शब्द.

मी लिहिलं, “आपला समज बरोबर आहे, असे धरण्यास हरकत नाही.”

सिस्टरने शिकवलेल्या चांगल्या इंग्रजीत लिहिलं. खोटं नाही आणि खरंही नाही, असं वाक्य कसं करायचं ते आपण त्या मेजाशीच शिकलो. तेव्हा म्हापशाचं मंडळ होतं, मला तुझी गरज नव्हती. लिहिताना मला हसू येत होतं, हेही सांगते. वाटलं, दोनचार महिने तुला कागद नाचवावे लागतील, तू माझ्याकडे येशील, मी मोठ्या मनाने दुरुस्त करीन. तू आली नाहीस. तुला तसं छापील पत्र गेलं, तू महासंघाला शिव्या घातल्यास, आणि मी गप्प राहिले. जानेवारीत संघ गेला तेव्हाही गप्प राहिले. तुझं मंडळ यादीतून गेलं होतं आणि त्याबरोबर शेवंती गेली होती, हे मला त्या दिवशी पाठ होतं.

काल मी महासंघाला खुलासा पाठवला आहे. माझं गेल्या वर्षीचं उत्तर चुकीचं होतं, जाणूनबुजून दिलेलं होतं, आणि पेडणे हा तालुका आहे. सोबत जुन्या जमिनीच्या कागदाची नक्कल जोडली, त्यात महाल हा शब्द त्याच अर्थाने आहे. तुझी सही मात्र अजून हवी. ती मागायला आता मला तोंड नाही, तरी मागते.

सुमंगला

*

डिचोली, १ नोव्हेंबर १९८८

प्रिय रुक्मिणी,

काल तू आलीस, आणि मी बोलायला हवं होतं ते काही बोलले नाही, म्हणून हे लिहिते.

दुखऱ्या गुडघ्याने म्हापशाहून भाड्याच्या मोटारसायकलच्या पायलटामागे बसून आलीस, हे बघूनच माझा धीर गेला. त्याला इंजिन बंद करू दिलं नाहीस. पायरीवरून वर आली नाहीस. मी पाणी विचारलं, तू नको म्हणालीस. मी चहा विचारला तेव्हा म्हणालीस,

“सुमंगला, माका रागात ऱवूक दी गो. च्या घेतलो की तो जातलो.”

छत्तीस वर्षं शाळेत शिकवलेली बाई असं बोलते आणि मला हसू येतं, आणि हसायची सोय नसते.

तू विचारलंस, “एक शब्द लिवपाक इतको कठीण?”

मी म्हटलं, “कठीण नव्हता. मला तो लिहायचाच नव्हता.”

तो पायलट म्हणाला, “बाई, पेट्रोल जाता.” तू त्याला म्हणालीस, “जाऊं दी. हिचां एक वर्स गेलां ता कोण भरून दिता?” तो बिचारा घाबरला. त्याला वाटलं असेल माझंच वर्ष. तू शेवंतीचं म्हणत होतीस.

मग कठड्यावर कागद ठेवून सही केलीस, पिशवीतून शिक्का काढून उठवलास. शिक्का वाकडा आला. मी म्हटलं चालेल. तू म्हणालीस, “चलतलो मगे. म्हालातलो आसा.” आणि जाता जाता, पाठ फिरवून, “शेवंतीक कोण सांगतलो? हांव ना.”

तू नाहीस, एवढं कळलं; मग कोण, याचं उत्तर मी दिलं नाही, हे तुझ्याही लक्षात आलं असणार.

फॉर्म आज रजिस्टरने गेला. पोचपावती येईल ती तुला पाठवीन.

सुमंगला

*

डिचोली, १६ डिसेंबर १९८८

प्रिय रुकू,

महासंघाचा निर्णय आला. पेडणे तालुक्याचं मंडळ मान्य, गोव्याला संलग्नता मान्य, संघ जानेवारीच्या स्पर्धेला जाईल. निवड चाचणी मागच्या आठवड्यात झाली ती ग्राह्य. शेवंती संघात आहे, तेही कर्णधार म्हणून. तिला मिळालेले गुण मी तीनदा पाहिले, मग गोकुळदास मास्तरांना पाहायला लावले. ते म्हणाले, “बाई, कागद फाटतलो.”

दोन गोष्टी मात्र तुला आवडणार नाहीत. पहिली, त्यांनी सुचवलं होतं की गैरसमज टळावा म्हणून तुझ्या मंडळाने नावातून महाल हा शब्द काढावा. मी लिहिलं, तो काढता येणार नाही, तो तिथे तुमच्याआधीपासून आहे. दोन पत्रं झाली. शेवटी त्यांनी नाव राहू दिलं, पण यादीत तुमच्या नावापुढे कंसात ‘राजवाडा नव्हे’ असं छापणार आहेत. कायमचं. मी यावर आणखी भांडू शकले असते, पण माझं भांडण आता त्यांना ऐकायचं नाही, कारण दुसरी गोष्ट अशी की चुकीची माहिती दिल्याबद्दल मला पाच वर्षं कोणतंही पद घेता येणार नाही. हा पाच ओळींचा ठराव मला एका वाचनात समजला. महासंघाच्या बाबतीत हे वीस वर्षांत प्रथमच घडलं.

सचिव म्हणून समितीने तुझं नाव एकमताने घेतलं आहे. नाही म्हणू नकोस. संघ तीन आठवड्यांनी निघतो आणि रेल्वेच्या सवलतीच्या फॉर्मवर सचिवाची सही लागते.

आता सामानाचं. गोकुळदास मास्तर बुधवारी जीप घेऊन पेडण्याकडे येतील, त्यांच्याबरोबर पाठवते.

संघटनेचा शिक्का आणि लेटरहेडचे दोन गठ्ठे तुझ्याकडे. लेटरहेडवर अजून दमण आणि दीव आहे, ते पेनने खोड, नवीन छापायला टाकलेत.

इतिवृत्ताच्या तीन वह्या भरलेल्या आहेत, त्या तुझ्याकडे. चौथी कोरी आहे. तिच्या पहिल्या पानावर मी काहीही लिहिलेलं नाही, भाषा तू ठरव. कोकणीत लिहिलंस तर मला वाचता येईल, आणि पाच वर्षांनी ती वही परत न्यायला मीच येईन असंही नाही. गेल्या वर्षीच्या ऑगस्टच्या सभेचं पान मात्र काढू नकोस. त्यात मी तुझं बोलणं अर्धंच लिहिलं आहे आणि माझं मुळीच लिहिलेलं नाही. समासात जागा आहे, तू पुरं कर.

दोन नव्या जाळ्या नार्व्याच्या शाळेला. तिथल्या मुली अजून दोरीवर साडी टाकून खेळतात. लोखंडी खांब सत्तरीला. मास्तर परतताना घेऊन जातील.

स्पर्धेच्या रिंगा बारा आहेत, सगळ्या संघाबरोबर जाऊ देत. त्यातली एक वजनाला कमी भरते, तिला मी निळा दोरा बांधला आहे, ती सरावालाच वापरा.

नागपूरचा फोटो माझ्याकडे राहू दे. त्यात तुझे डोळे मिटलेले आहेत.

गेल्या वर्षीच्या माझ्या त्या उत्तराची कार्बन नक्कल या गठ्ठ्यात नाही, शोधू नकोस. ती शेवंतीची आहे. मनात आलं होतं की स्पर्धेहून परत आल्यावर द्यावी, खेळावर परिणाम नको. मग लक्षात आलं, मी पुन्हा तेच करते आहे. येत्या रविवारी सकाळच्या बसने मी पार्स्याला येते. तिला शाळेत थांबायला सांग, आणि तिच्या आईलाही. मी वाचून दाखवीन, मराठीत अर्थ सांगीन, आणि कागद तिच्या हातात देईन. तिने तो फाडला, जपून ठेवला, महासंघाला पाठवला, की वर्तमानपत्राला दिला, तो तिचा निर्णय. तू मध्ये पडायचं नाहीस, आणि माझ्या बाजूने तर मुळीच बोलायचं नाहीस.

तुझी,
सुमंगला